गावाकडचं घर मुलांच्या नावावर कसं करायचं? प्रोबेट लागतं का, आणि न लागता काय काय करता येतं?

समजा, अलिबागजवळ नागावला एक कौलारू घर आहे. पुढे अंगण, मागे नारळी-पोफळीची वाडी. आजोबांनी बांधलं, वडिलांनी सांभाळलं. एक मुलगा दादरला, दुसरा पनवेलला, एक बहीण पेणला दिलेली, दुसरी पुण्याला. गणपतीत आणि मे महिन्यात सगळे जमतात. बाकी वर्षभर घरात आई एकटी असते.

सातबाऱ्यावर मात्र अजून आजोबांचंच नाव आहे. त्यांना जाऊन तीस वर्षं झाली, तरी कुणाचं काही अडलं नाही, म्हणून कुणी लक्षही दिलं नाही.

अडतं ते अचानक. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, अलिबाग तालुक्यांतल्या वाड्या आडव्या झाल्या आणि घरांची छपरं उडाली. पंचनामा करताना पहिला प्रश्न असतो, उतारा कुणाच्या नावावर आहे? कर्ज काढायचं, घर नव्याने बांधायचं किंवा घरगुती पर्यटनासाठी दोन खोल्या वाढवायच्या, तरी हाच प्रश्न येतो. मांडव्याची रो-रो बोट आणि जानेवारी २०२४ मध्ये सुरू झालेला अटल सेतू यांमुळे मुंबई जवळ आली आहे. किनाऱ्यावरच्या जागेला गिऱ्हाईक दारात येतं आणि ज्या घराकडे कुणी पाहत नव्हतं, त्यावरून भावंडांत बोलणं बंद होतं.

अशा वेळी गावात हमखास एक सल्ला मिळतो, ‘मृत्युपत्र करा, पण मग कोर्टातून प्रोबेट आणावं लागेल.’ हे कितपत खरं आहे?

प्रोबेट म्हणजे नेमकं काय?

एखाद्याने मृत्युपत्र करून ठेवलं आणि तो वारला, तर ते मृत्युपत्र खरं आहे आणि कायदेशीर रीतीने केलं आहे, असं न्यायालयाने दिलेलं प्रमाणपत्र म्हणजे प्रोबेट. त्यासाठी अर्ज करावा लागतो, इतर वारसांना नोटिसा जातात, जाहीर सूचना निघते, न्यायालयाचं शुल्क भरावं लागतं. कुणी हरकत घेतली तर अर्जाचा दावा होतो आणि वर्षं जातात.

मात्र सक्तीचं प्रोबेट सगळीकडे कधीच नव्हतं. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ च्या कलम २१३ आणि कलम ५७ नुसार हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन व्यक्तींच्या बाबतीत ही सक्ती मुख्यतः कोलकाता, चेन्नई आणि मुंबई या जुन्या इलाखा शहरांशी जोडलेली होती. मृत्युपत्र त्या हद्दीत केलेलं असेल, किंवा त्यातली स्थावर मिळकत त्या हद्दीत असेल, तर प्रोबेट लागायचं.

म्हणजे अलिबागला राहणाऱ्या माणसाने अलिबागला बसून नागावच्या घराचं मृत्युपत्र केलं, तर प्रोबेटची सक्ती नव्हती. पण तेच मृत्युपत्र गिरगावात राहणाऱ्या चाकरमान्याने मुंबईत केलं, तर घर रायगडात असूनही प्रोबेट लागत असे. कोकणातल्या अनेक कुटुंबांची गाडी इथेच अडकायची.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने निरसन आणि सुधारणा कायदा मंजूर करून कलम २१३ वगळलं. त्यामुळे ही सक्ती आता उरलेली नाही. प्रोबेट हवं असेल तर आजही मागता येतं. वारसांत वाद असेल आणि मृत्युपत्रावर न्यायालयाचं शिक्कामोर्तब हवं असेल, तर ते उपयोगी पडतं.

थोडक्यात, घर प्रोबेटविना वारसांकडे जाऊ शकतं. पण कोणत्या मार्गाने, हे घराच्या कागदांवर ठरतं.

आधी बघा, घर कुणाच्या नावावर आहे?

किनाऱ्यावरच्या घरांचे कागद बहुधा एका जागी सापडत नाहीत.

वाडी आणि शेत असेल तर सातबारा उतारा असतो. घर गावठाणात असेल तर सातबारा नसतो. तिथे भूमापन झालेलं असेल तर मिळकत पत्रिका असते. एप्रिल २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी करून गावठाणातल्या घरांच्याही मिळकत पत्रिका तयार करण्यात येत आहेत.

याशिवाय ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे घरपट्टीचा उतारा असतो. ‘घरपट्टी माझ्या नावावर येते, म्हणजे घर माझं’ असा समज सर्रास आढळतो, पण तो चुकीचा आहे. तो कर आकारणीचा कागद आहे. त्यावर नाव असल्याने मालकी मिळत नाही आणि नाव नसल्याने मालकी जात नाही.

सातबाऱ्यावर आणखी दोन गोष्टी तपासायला हव्यात. पहिली, कुणा एका भावाच्या नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ किंवा ‘ए.कु.पु.’ असं लिहिलं आहे का? याचा अर्थ एकत्र कुटुंबाचा मॅनेजर किंवा पुढारी. अशी जमीन त्या भावाच्या एकट्याची नसते. दुसरी, बहिणींची नावं ‘इतर हक्क’ या रकान्यात आहेत का? नाव त्या रकान्यात टाकलं म्हणून त्यांचा हिस्सा कमी होत नाही.

रायगडात तिसरी एक गोष्टही पाहावी लागते, ती म्हणजे कूळकायद्याची. अलिबाग तालुक्यातल्या चरी गावाच्या परिसरात १९३३ ते १९३९ या काळात नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध संप केला. कुळांना संरक्षण देणाऱ्या पुढच्या कायद्यांमागे हा संप होता. १९४८ च्या कूळकायद्याने कुळांना जमिनी विकत मिळाल्या, पण कलम ४३ ची अट घालून. अशी जमीन विकायला किंवा बक्षीस द्यायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. २०१४ च्या दुरुस्तीनंतर खरेदीला दहा वर्षं झाली असतील तर आकाराच्या ४० पट रक्कम भरून, काही अटींवर, ही परवानगी टळते. कूळ वारल्यावर जमीन वारसांकडे जाते तेव्हा मात्र हस्तांतराची परवानगी लागत नाही. वाडीच्या उताऱ्यावर कलम ४३ चा शेरा असेल, तर बक्षीसपत्राआधी याचा विचार करावा लागतो.

वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित?

स्वतःच्या कमाईतून घेतलेलं घर माणूस कुणालाही देऊ शकतो. वडिलोपार्जित एकत्र कुटुंबाच्या घरात मात्र त्याचा फक्त हिस्सा असतो आणि तेवढाच तो देऊ शकतो.

मुलींच्या हक्काबद्दल अजूनही गोंधळ आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये कायदा दुरुस्त करून अविवाहित मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांसारखा हक्क दिला. केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून तो सर्व मुलींना दिला. लग्न कधी झालं, याने आता फरक पडत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनिता शर्मा खटल्यात स्पष्ट केलं, की त्या तारखेला वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही, कारण तो जन्माने मिळतो. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटणी झालेली असेल, तर ती मात्र कायम राहते.

राहत्या घराबाबत आणखी एक बदल झाला. पूर्वी हिंदू उत्तराधिकार कायद्यात कलम २३ होतं. पुरुष वारस घराची वाटणी करायचं ठरवत नाहीत, तोवर मुलींना राहत्या घराची वाटणी मागता येत नसे. २००५ मध्ये हे कलम काढून टाकलं. आज पेणची बहीण नागावच्या घरातला आपला हिस्सा दादरच्या भावाइतक्याच हक्काने मागू शकते.

मार्ग पहिला : मृत्युपत्र

हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर, हाताने लिहिलेलंही चालतं. नोंदणी ऐच्छिक आहे. ते कितीही वेळा बदलता येतं आणि शेवटचं मृत्युपत्र ग्राह्य धरलं जातं.

अट एकच, पण काटेकोर आहे. करणाऱ्याची सही किंवा अंगठा आणि किमान दोन साक्षीदारांच्या सह्या हव्यात. करणाऱ्याने सही केल्याचं साक्षीदारांनी पाहिलेलं असावं किंवा त्याने तसं त्यांना सांगितलेलं असावं, आणि साक्षीदारांनी त्याच्यासमोर सह्या कराव्यात. पुढे वाद झाला तर त्यांपैकी हयात असलेल्या किमान एकाला न्यायालयात येऊन सांगावं लागतं. म्हणून साक्षीदार वयाने लहान, ओळखीचे आणि घरात हिस्सा न मिळणारे असावेत. ज्याला घर मिळणार त्यानेच मृत्युपत्र लिहून घेतलं, त्यानेच साक्षीदार आणले, तर न्यायालय संशयाने पाहतं.

नोंदणी सक्तीची नसली तरी दुय्यम निबंधक कार्यालयात ती केलेली बरी. कागद हरवला तरी प्रत मिळते. वय जास्त असेल तर त्याच दिवसाचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र जोडावं.

वडिलोपार्जित घरातला आपला अविभक्त हिस्साही मृत्युपत्राने देता येतो. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम ३० मध्ये तशी तरतूद आहे.

मृत्यूनंतर मृत्युपत्राची प्रत आणि मृत्यूचा दाखला जोडून तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज करायचा असतो. तलाठी पदाचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी आहे. इतर वारसांना नोटीस जाते. कुणी मृत्युपत्रावरच हरकत घेतली, तर त्याचा खरेखोटेपणा महसूल अधिकारी ठरवू शकत नाहीत. तो निकाल दिवाणी न्यायालयाचा, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्येही पुन्हा सांगितलं आहे. म्हणजे प्रोबेटची सक्ती गेली तरी वाद झाल्यास कोर्ट टळत नाही. ते टाळायचं तर मृत्युपत्र पक्कं हवं आणि ते झाल्याचं भावंडांना आधीच माहीत हवं.

मार्ग दुसरा : बक्षीसपत्र

हयातीतच घर मुलांच्या नावावर करायचं असेल तर बक्षीसपत्र. ते लेखी हवं, दोन साक्षीदार हवेत, घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हयातीत ते स्वीकारलेलं असावं आणि नोंदणी सक्तीची आहे.

महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मृत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली, तर मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे. त्याशिवाय स्थानिक अधिभार आणि नोंदणी फी येते. अधिभार बाजारमूल्यावर असल्यामुळे किनाऱ्यावरच्या जागेला तो लहान नसतो. एकूण आकडा दुय्यम निबंधक कार्यालयातून आधी काढून घ्यावा. भाऊ, बहीण, पुतण्या यांना ही सवलत नाही.

इथे एक पेच आहे. एकत्र कुटुंबातला अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देता येतो, पण इतर सहहिस्सेदारांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही. आधी वाटणी, मग बक्षीस, असा क्रम ठेवावा लागतो.

बक्षीसपत्र सहजासहजी परत घेता येत नाही, हा त्यातला सर्वांत मोठा धोका. घर मुलाच्या नावावर झालं आणि वर्षभराने आईलाच वाडीतल्या खोलीत राहायची वेळ आली, अशा तक्रारी प्रांताधिकाऱ्यांपुढच्या ज्येष्ठ नागरिक न्यायाधिकरणात येतात. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीस अट मोडल्यास रद्द करता येतं. पण डिसेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अशी अट सिद्ध व्हायला हवी असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये याच न्यायालयाने या कायद्याचा अर्थ ज्येष्ठांच्या बाजूने उदारपणे लावावा, असं सांगत एका आईचं बक्षीसपत्र रद्द ठरवलं.

मग शहाणपणाचं काय? बक्षीसपत्रातच स्पष्ट लिहायचं, की देणारा आणि त्याची पत्नी मरेपर्यंत या घरात राहतील, वाडीचं उत्पन्न घेतील आणि त्यांचा सांभाळ करणं ही या बक्षिसाची अट आहे. राहण्याचा हक्क स्वतःकडे ठेवूनही बक्षीसपत्र वैध राहतं, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केलं आहे.

मार्ग तिसरा : वाटणी आणि हक्कसोड

घरात अनेक हिस्सेदार असतील आणि सगळे हयात, सगळे राजी असतील, तर वाटणीपत्र हा सर्वांत स्वच्छ मार्ग आहे. शेतजमीन असेल तर जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे संमतीने वाटपाचा अर्ज करता येतो. गावठाणातल्या घरासाठी नोंदणीकृत वाटणीपत्र करावं.

एखाद्याला हिस्सा नको असेल तर तो हक्कसोडपत्र करून देतो. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात, मोबदल्याशिवाय केलेल्या हक्कसोडीला मुद्रांक शुल्क नाममात्र आहे. पण नोंदणी हवीच. साध्या कागदावर ‘मला काही नको’ असं लिहून सही केली, तर त्याने स्थावरातला हक्क सुटत नाही.

कोकणात हक्कसोडीचा कागद बहुतेक वेळा बहिणींपुढेच येतो. ‘माहेर तुटायला नको’ म्हणून न वाचता सही केली जाते. स्वखुशीने हक्क सोडायला कायद्याची हरकत नाही. पण सही झाल्यावर तो परत मिळवणं फार कठीण असतं. म्हणून सहीआधी मिळकतीचं वर्णन वाचावं. घराची हक्कसोड करताना त्यात वाडीचे गट नंबरही घातलेले आहेत का, हे मुद्दाम पाहावं. आणि हिस्सा सोडला तरी आपण माहेरी राहू शकणार का, याचं उत्तर तोंडी नव्हे, कागदावर घ्यावं.

काहीच केलेलं नसेल तर : वारस नोंद

बहुतेक घरांची स्थिती हीच असते. मृत्युपत्र नाही, बक्षीस नाही. तरीही प्रोबेटचा प्रश्न येत नाही, कारण प्रोबेट मृत्युपत्राचंच असतं.

हिंदू पुरुष मृत्युपत्र न करता वारला तर त्याच्या मिळकतीत पत्नी, मुलगे, मुली आणि त्याची आई यांना समान वाटा मिळतो. पत्नी, आई, एक मुलगा आणि दोन मुली मागे असतील तर पाच सारखे वाटे. मृताची आई वारस असते, हे अनेकदा विसरलं जातं आणि तिचं नाव अर्जात येतच नाही.

जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ नुसार मिळकतीत हक्क आला की तीन महिन्यांत तलाठ्याला कळवायचं असतं. अर्जासोबत मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावं, वयं, पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र आणि उतारे द्यावे लागतात. ई-हक्क प्रणालीवरून घरबसल्याही अर्ज करता येतो. वारसांची नोंद आधी गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत होते, मग फेरफार लिहिला जातो. हरकतीसाठी १५ दिवसांची नोटीस निघते आणि मंडळ अधिकारी फेरफार प्रमाणित करतात. मिळकत पत्रिका असेल तर अर्ज भूमी अभिलेख कार्यालयात करायचा. घरपट्टीसाठी ग्रामपंचायतीत वेगळा अर्ज लागतो.

तीन महिने उलटून तीस वर्षं झाली असली तरी नोंद होते. फक्त मधल्या काळात वारलेल्या प्रत्येकाचा मृत्यूचा दाखला आणि त्याचे वारस दाखवावे लागतात. १ एप्रिल २०२५ पासून राज्य सरकारने ‘जिवंत सातबारा’ मोहीम राबवली, ती मृत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लावण्यासाठीच.

वारस कोण, यावरच वाद असेल तर दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घ्यावा लागतो. महाराष्ट्रात तो आजही १८२७ च्या मुंबई विनियमाखाली दिला जातो. बँकेतली रक्कम आणि शेअर यांसाठी लागणारं उत्तराधिकार प्रमाणपत्र वेगळं. घरासाठी त्याचा उपयोग नाही.

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायला हवी. फेरफाराने मालकी मिळत नाही. ती महसुली नोंद आहे. एखाद्या भावाने बहिणींची नावं न देता फेरफार करून घेतला, तरी बहिणींचा हिस्सा शाबूत राहतो.

नॉमिनी म्हणजे वारस नव्हे

दादर-पनवेलच्या फ्लॅटसाठी सोसायटीत नॉमिनी नेमलेला असतो. तो फ्लॅटचा मालक होत नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनुसार तो वारस ठरेपर्यंतचा तात्पुरता सदस्य असतो. गावच्या घराला तर नॉमिनीची सोयच नाही.

सर्वांना एकच कायदा नाही

मुरूड, म्हसळा, श्रीवर्धन भागात कोकणी मुस्लिम वस्ती मोठी आहे. मुस्लिम व्यक्तीला सहसा एक तृतीयांशापर्यंतच मिळकत मृत्युपत्राने देता येते. त्याहून जास्त द्यायचं तर मृत्यूनंतर वारसांची संमती लागते. हयातीत हिबा करता येतो. त्यासाठी देण्याची घोषणा, स्वीकार आणि ताबा या तीन गोष्टी हव्यात. तो तोंडीही वैध असतो, पण नोंदी आणि पुरावा यांसाठी लेखी केलेला बरा.

अलिबाग, नवगाव, रेवदंडा भागातल्या बेने इस्रायली कुटुंबांना भारतीय उत्तराधिकार कायदा लागू होतो. हिंदूंना असलेली सवलत त्यांना नव्हती. त्यांच्या मृत्युपत्राला रायगडातही प्रोबेट लागत असे. कलम २१३ गेल्याने ती अडचण दूर झाली. मृत्युपत्र नसेल तर पत्नीला एक तृतीयांश आणि मुलांना मिळून दोन तृतीयांश वाटा मिळतो.

एकाने आपला हिस्सा बाहेर विकला तर?

किनाऱ्यावर ही भीती खरी आहे. मृत्युपत्राविना वारसाने मिळालेला हिस्सा एखाद्या हिंदू वारसाने विकायला काढला, तर इतर वारसांना तो आधी विकत घेण्याचा अग्रहक्क आहे. हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २२ मध्ये तो दिलेला आहे. तरीही परक्याने राहत्या घरातला अविभक्त हिस्सा घेतलाच, तर त्याला लगेच घरात येऊन राहता येत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला, तर १८९३ च्या विभाजन कायद्याखाली कुटुंबातल्या हिस्सेदाराला तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला विकत घेता येतो.

मग नागावच्या घराचं काय करायचं?

क्रम साधा आहे. आधी आजोबांच्या नावाचा फेरफार पुढे न्यायचा, म्हणजे आजोबांचे सगळे वारस, मग वडिलांचे सगळे वारस, बहिणी आणि आई धरून. आत्यांची नावंही त्यात येतील. ती टाळून पुढे गेलं तर सगळा कागद पुढे कधीही अडू शकतो. मग सर्वांनी बसून घर आणि वाडी ठेवायची की वाटायची, हे ठरवायचं. ठेवायची तर कुणी सांभाळायची आणि खर्च कुणी करायचा, हेही लिहून ठेवायचं. त्यानंतर वाटणीपत्र किंवा हक्कसोड. आणि शेवटी प्रत्येकाने आपापल्या हिश्श्याचं मृत्युपत्र करायचं.

यातलं एकही काम प्रोबेटशिवाय अडत नाही. पण वाटणीपत्राला सर्वांच्या सह्या लागतात. सगळी भावंडं एका छताखाली असण्याचे दिवस वर्षात मोजकेच असतात. या गणपतीत आरती झाल्यावर सातबारा, मिळकत पत्रिका आणि मृत्यूचे दाखले सतरंजीवर काढून बसलं, तर निम्मं काम तिथेच होतं. आई बोलू शकते, आठवून सांगू शकते, सही करू शकते, तोवरच ते सोपं असतं.